कुठेही जाणारी गाडी

२ मार्च
गाडी आली! आजपासून रोजनिशी. अशी गाडी दारात असलेल्या माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडणारच, तेव्हा वही तयार असलेली बरी.

प्रीमियम स्टेशन वॅगन. ऑल-व्हील ड्राइव्ह. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट, दोनशे तेरा मिलीमीटर. स्वतः टेप लावून मोजला, कंपनीच्या कागदावर विसंबणाऱ्यातला मी नाही. कपाटांच्या शोरूममध्ये नोकरीला आहे, लोकांच्या घरी जाऊन मापं घेतो. मापाच्या बाबतीत माझा हात धरणारा अजून भेटायचाय.

वॉचमनने विचारलं, ही जीप की कार. दोन्ही, म्हटलं. त्याने मान हलवली, पण समजल्यासारखी नाही.

३ मार्च
मेव्हणा गाडी बघून गेला. मागच्या लांबलचक काचा बघून म्हणाला, शववाहिका का घेतली? जळतो, दुसरं काय.

त्याची स्वतःची गाडी म्हणजे डबी. जुनी, बंपर दोरीने बांधलेला. तीच घेऊन दर महिन्याला डोंगरात माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे त्याच्या बाबांकडे जातो. वरचा रस्ता कच्चा, सगळा दगडांचा. त्या गाडीचे हाल कुत्रा खात नाही. मी आमची जुनी गाडी त्या रस्त्याला कधी घातली नाही. बायकोला सांगत आलो, योग्य गाडी येऊ दे, मग बघ. आता बघ म्हणावं!

५ मार्च
सासऱ्यांनी घर विकलं. एकतीस तारखेला किल्ल्या नव्या मालकाच्या हातात. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून ते आमच्याकडे राहायला येणार.

हिचं मागणं एवढंच, की त्याआधी एक रात्र त्या घरात झोपायचं आणि आईचं आरशाचं कपाट घेऊन यायचं. सासूबाई गेल्या तेव्हापासून हिने माझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही. मेव्हण्याच्या डबीत कपाट मावत नाही. टपावर बांधलं तर आरसा फुटेल. टेम्पोवाले त्या चढाचं नाव काढलं की फोन ठेवतात.

थोडक्यात, सगळी भिस्त माझ्यावर. शब्द दिला. परवा शनिवार, परवाच निघायचं. मेव्हण्याकडून फोनवर कपाटाचं माप घेतलं. मागच्या सीट पाडून डिकीचं घेतलं. बसतंय. आकृती काढली, स्केलमध्ये. सुरेख आली आहे.

७ मार्च, शनिवार
गेलो नाही. नव्या इंजिनाला एकदम चढावर घालायचं नसतं, आधी सपाटीची सवय लावायची असते. (हे कुठे वाचलं ते आठवत नाही, पण वाचलंय.) त्याऐवजी हिला गावाबाहेरून एक चक्कर मारून आणली. पडद्यावर चहाचा कप उगवला. चालक दमला की गाडी असं सुचवते. गाडीचं ऐकलं आणि परत आलो. ही म्हणाली, एवढ्यात दमलात?

पुढचा शनिवार नक्की.

१० मार्च
शोरूममधल्या सुताराने विचारलं, साहेब, यात प्लायच्या शीट न्यायच्या का? दोन दिवस त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलंय.

गाडीत ‘खडतर रस्ता’ नावाचं बटण आहे. आज ते दाबून शोरूमसमोरच्या स्पीडब्रेकरवरून गेलो. लोण्यासारखी गेली. खात्री करायला रिव्हर्समध्ये परत आलो. मग पुन्हा गेलो. मालक काचेतून बघत होते. कौतुकाने असावं.

१४ मार्च, शनिवार
गेलो नाही. डोंगरात पावसाची शक्यता होती. ही म्हणाली, चिखलासाठीच घेतली ना गाडी? समजावलं की गाडी चिखलासाठीच आहे, पण गुरुवारी तिच्यावर कोटिंग करून घेतलंय, ते वाळेपर्यंत चिखल चालत नाही. मग गुरुवारी कशाला केलं, असं तिने विचारलं. बायकांना तांत्रिक गोष्टी सांगायला जाऊ नये.

पाऊस पडला नाही.

१५ मार्च
चैन नाही. सकाळपासून चार वेळा पार्किंगमध्ये जाऊन आलो. एकदा टायर बघायला, एकदा टायर बघितले का ते आठवेना म्हणून. मग नुसताच आत बसलो, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. बरं वाटलं. ब्रेड आणायला म्हणून निघालो होतो हे वर आल्यावर कळलं.

१८ मार्च
हिची बॅग त्या पहिल्या शनिवारपासून भरून दाराशी आहे. येता-जाता मला अडखळायला होतं. बाजूला ठेव म्हटलं, तर राहू दे म्हणाली. सासऱ्यांच्या खोलीत एक भिंत मोकळी सोडलीय, कपाटासाठी. मी ती मोजली. सरळ नाही, पण चालेल.

२१ मार्च, शनिवार
शोरूममध्ये मालमोजणी. मी नसतो तरी झाली असती असं मालक म्हणाले, पण ते त्यांचा मोठेपणा.

मेव्हण्याचा फोन. अठ्ठावीसला तो बाबांना आणायला जातोय, आम्ही येतोय ना? ही माझ्याकडे बघत राहिली. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस, मी ओरडूनच सांगितलं. काळ्या दगडावरची रेघ!

२७ मार्च
रूफ बॉक्स बसवला. कपाटाने डिकी भरल्यावर सामान कुठे जाणार? ते टपावर. डोकं लागतं याला. पार्किंगमध्येच बसवला, सुताराला बोलावून. (त्याच्याशी पुन्हा बोलतोय.) चारही बोल्ट मी स्वतः आवळले. गाडी आता फोटोतल्या गाड्यांसारखी दिसते. फोटो काढले, पुष्कळ.

२८ मार्च, सकाळ
पेनाचं टोक कागदातून आरपार जातंय. रागाने.

आमच्या पार्किंगच्या चढावर, बाहेर पडता पडता, छताला एक बीम आहे. तो कुणी आणि का घातला याची चौकशी झाली पाहिजे. बॉक्स त्याच्याखाली अडकला. पुढे जाईना, मागे येईना. मागे अख्ख्या इमारतीच्या गाड्या, हॉर्न, आणि वॉचमन मला उगाचच ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतोय. बाहेर पडायच्या वाटेचं माप का घेतलं नाही, असं कुणीतरी विचारलं. मला वाटतं, सुतारच होता, काल राहिलेली हत्यारं न्यायला आलेला. वाटेत कुणी कपाट बसवतं का, म्हटलं.

ही खाली उतरली. बॅग घेतली आणि भावाला फोन लावला. तो डबी घेऊन आला, ती बसली, गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च, संध्याकाळ
टायरची हवा सोडून गाडी मागे घेतली, बॉक्स काढला, हवा भरली आणि एकटाच निघालो. कपाट आणायचंच. मोठ्या रस्त्याला गाडी विमानासारखी. मग कच्चा रस्ता लागला, आणि पहिल्याच वळणावर एक दगड.

उतरून टेप लावला. एकशे नव्वद. म्हणजे खाली तेवीस मिलीमीटर मोकळे. आम्ही कपाटाला पाच सोडतो आणि निवांत झोपतो. तरी पण. दगड जरा बेभरवशाचा वाटला. विचार करत उभा होतो तेवढ्यात ब्रेडची व्हॅन शेजारून वर गेली. तिच्यामागून स्कूटरवर एक आजीबाई, पायाशी पिशव्या घेऊन. त्यांनी थांबून विचारलं, गाडी बंद पडली का बाळा? हो म्हटलं.

मागे फिरलो. टायरमध्ये हवा कमी वाटत होती.

२९ मार्च
गाडी धुतली. हिचा फोन लागत नाही, डोंगरात रेंज नसते. आजची धरून त्या घरात दोन रात्री झोपायला मिळतील तिला, मागितली होती एकच. तसा फायदाच झाला.

३० मार्च
रजा काढली. गाडीत सतरंज्या, दोऱ्या, आरशासाठी उशा. आता माघार नाही. थेट त्या वळणावर गेलो. दगड नव्हता! कुणीतरी बाजूला केला होता.

त्याच्यामागे दुसरा होता.

३१ मार्च
दुपारी डबी आली. पुढे सासरे, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. मागे ही, दोन्ही बाजूंना आणि मांडीवर गाठोडी. कपाट नाही. नव्या मालकांना दिलं, मेव्हणा म्हणाला. काल संध्याकाळपर्यंत वाट बघितली म्हणे.

चहा झाला. सासऱ्यांनी आपणहून गाडी बघायची इच्छा दाखवली. भला माणूस. हाताला धरून खाली नेलं, बसवलं, सीट गरम होते तेही दाखवलं. गुडघ्यांना आराम वाटला म्हणाले. मी म्हटलं, बाबा, सांगा, कुठे नेऊ? कुठेही जाते ही. नको, म्हणाले, तिकडे आता आपलं कोण आहे?

वर आलो. ही गाठोडी सोडून सासूबाईंची स्वेटरं घडी करत होती. माझ्याकडे न बघता तिने विचारलं, खरंच बसलं असतं का हो गाडीत?

चाळीस मिलीमीटर उरले असते, मी म्हटलं.

बरं, म्हणाली. मग माझ्या कपाटातला वरचा खण रिकामा करून मागितला. केला.