खालच्या मजल्यावरचं मशीन

३ मार्च, सोमवार
खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीचं काहीतरी बिनसलंय. रोज दुपारी चहाच्या वेळेला तिचं मशीन मध्येच थांबतं. आज जिन्यात भेटली तर डोळे लाल. म्हणाली, कचरा गेला. दोन्ही डोळ्यांत? नवरा गेल्याला चार वर्षं झाली, अजून सावरली नाही. मला बघा. हे जाऊन वर्ष होत आलं, पण मी कशी खणखणीत.
संकल्प: तिला मदत मिळवून देणे.
यांच्या श्रवणयंत्रात नवी बॅटरी घातली. बंद राहिलं की यंत्र बिघडतं.

५ मार्च, बुधवार
चौकशी पूर्ण. समुपदेशक बोलतं करतात, मनोविकारतज्ज्ञ लागलं तर औषध देतात, आणि अगदीच असह्य झालं तर हेल्पलाइन, कधीही, फुकट. शिवाय ज्यांची माणसं गेली त्यांचा एक गट शनिवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत बसतो. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरनी या टिपणाला व्हेरी गुड दिलं असतं.
शिलाईवालीच्या वतीनं हेल्पलाइनला फोन केला. मुलगी गोड बोलणारी. जगू नये असं वाटतं का, असं सरळ विचारलंन. मी म्हटलं, कधीकधी, दुपारचं. म्हणजे तिला वाटत असावं. घरात जुन्या गोळ्या असतील तर त्या कुणाच्या तरी ताब्यात द्या, म्हणाली. सूचना उत्तम. शिलाईवालीला सांगायला हवी. मग विचारते, "आणि तुम्ही कशा आहात?"
गॅसवर दूध होतं, फोन ठेवावा लागला.
दूध नव्हतं. पण असू शकलं असतं.

८ मार्च, शनिवार
शिलाईवालीला गटात नेलं. लगेच तयार झाली. म्हणाली, तुम्ही येत असाल तर येते, काकू. बिचारीला आधार लागतो.
तिथे मी आधीच स्पष्ट केलं की मी फक्त सोबतीला आले आहे. पण ही गप्पच. कुणीतरी बोलायला हवं म्हणून मी बोलले. यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे संसारातलं सगळं प्रेम मला ओरडून करावं लागलं, हे सांगितलं. लोक हसले. मग कागदी रुमालांचा डबा का कोण जाणे माझ्याच पुढ्यात आला. हल्ली रुमाल फार पातळ काढतात. सगळे लागले.

११ मार्च, मंगळवार
शिलाईवालीसाठी समुपदेशक बाईंची सोमवारची वेळ घेतली.
दुपारी यांच्या गोळ्यांचा डबा आवरायला काढला. बराच वेळ हातातच राहिला. घर अगदी शांत होतं. तेवढ्यात दार वाजलं. शिलाईवाली, धापा टाकत, कात्री मागायला. शिलाईवालीकडे कात्री नाही! अवस्था गंभीर आहे. संध्याकाळपर्यंत उठलीच नाही, आणि जाताना कात्री विसरली.

१५ मार्च, शनिवार
सोमवारचं सांगायला खाली गेले. मशीन बंद का पडतं तेही विचारलं. ती बॉबिन फिरवत राहिली. मग म्हणाली, "काकू, मशीन बंद पडत नाही. मी थांबवते."
चहाच्या वेळेला वरून माझा आवाज येतो म्हणे. साखर घालू का, आज पाय दुखतात का, असं मोठ्यानं विचारते. मग गप्प होते, कुणी उत्तर देत असल्यासारखी.
"मशीन चालू असलं की तुम्ही आणखी ओरडता. म्हणून थांबवते. मंगळवारी आवाज आलाच नाही, तेव्हा हातातलं टाकून पळत आले."
मी म्हटलं, अगं, मी मनाशी कामं ठरवत असते. तिनं नुसता हात धरला.
वर आले. डबा घेतला, पुन्हा खाली गेले, तिला दिला. तिनं उघडून पाहिला नाही, कापडांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१७ मार्च, सोमवार
समुपदेशक बाईंकडे नाव शिलाईवालीचं होतं. खोडायला लावलं, माझं सांगितलं. ती बाहेर बाकावर बसून होती, कुणाच्या तरी बाहीला हातशिलाई घालत.
बाईंनी विचारलं, कशा आहात. दूध आठवलं नाही.
घरी आल्यावर चहा केला. खाली मशीन चालू होतं, ते थांबवायला लागू नये म्हणून आज यांच्याशी हळू बोलले.
यांना ऐकू गेलं नसणार.