तारनाक्यावरची कुपनं

१६ जून २०१४, सोमवार
नोकरी लागली. मारुतीला नारळ फोडून दहाला तारनाक्यावरच्या दुकानात पोचले. यांचं (मुकुंदराव, तोंडानं नाव घेत नाही, वहीत चालतं) छातीचं दुखणं, औषधं पेन्शनीत भागेनात, म्हणून पन्नाशीत ही पायरी चढले. मालक दिगंबर, आमच्या ओळखीच्या इंदुताईंचा भाचा. बर्गर, तळलेली कोंबडी विकतो. मला कशाला शिवायचं नाही, फक्त तक्रारीच्या टेबलाशी बसायचं. गार हवा, गादीची खुर्ची, वर सगळे मावशी म्हणतात. देवानं बरं केलं.

१८ जून
'एकावर एक मोफत'च्या कुपनांची मुदत एक तारखेला संपली. दोनला इथलं राज्य फुटून वेगळं झालं. एक जण म्हणाला, अम्मा, एका राज्याची दोन झाली, एका बर्गरचे दोन करायला काय जातं? दुसरा म्हणे, तारीख देखके भूक लगती क्या? हात जोडून जोडून खांदे गेले.

२० जून
एकनाथराव म्हणून म्हातारे नातीला घेऊन आले. तिच्या निकालासाठी कुपन जपून ठेवलेलं. नाही म्हटलं तर दोन तास खुर्ची सोडेनात. शेवटी उठवायचं म्हणून म्हटलं, पुढल्या वेळी या, मी देईन. म्हणतो तसं आपण.

१ जुलै
एकनाथरावांची सून प्रमिला आली. म्हातारे इथून गेले त्याच संध्याकाळी वारले. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. मुलानं घराचं वचन दिलं, पोरीच्या लग्नाचं दिलं. उन्हं चढली. मग पोरगीच म्हणाली, आजोबा, तारनाक्याच्या मावशी देतील. लगेच शिवला. तुम्हाला सांगायला हवं, म्हणाली, आणि कुपन टेबलावर ठेवून गेली.

२ जुलै
भर दुपारी एकनाथराव. त्याच खुर्चीवर. बाकी कुणाला दिसत नव्हते. पदरचे पैसे भरून दोन बर्गर पुढे ठेवले. खाल्ले, उठून गेले, परत दिसले नाहीत. रामरक्षा म्हटली. सुटले.

४ जुलै
आज तिघं. हातात जुनी कुपनं, पायाशी सावली नाही. एक बाई म्हणाली, एकनाथरावांनी सांगितलं, ही देते.
दिलं. तेही खाऊन गेले.

७ जुलै
आज अकरा जण. जिवंत गिऱ्हाइकं शिव्या तरी देतात. ही मेलेली नुसती बघतात. फार दमले.

९ जुलै, एकादशी
हात जोडून सांगितलं, आजपासून बंद. वचन एकालाच दिलं होतं. कुणी आवाज चढवला नाही. एका बाईनं विचारलं, घर कुठं तुमचं? सवयीनं बोलून गेले— अंबरपेठ, मारुतीची गल्ली, हे दिवसभर घरीच असतात—

१० जुलै
साडेअकराला यांचा फोन. तुझ्या दुकानातली माणसं आलीत म्हणाले, पाणी दिलं, भली आहेत, जेवायला चला म्हणतात, जाऊ का? नको म्हणेपर्यंत फोन बंद. परत लावला— उचलत नाहीत. शेजारच्या भामाताईंना बघायला धाडलं.
भामाताईंचा फोन वाजतोय. घेत नाही.
बारा वाजले. रांग आली. शेवटी हे. अंगात घरची बंडी. हातात कुपन— आमच्या घरात कुपन नव्हतं—
पुढं सरकताहेत. द्यावं तर खातील आणि उठून जातील. न द्यावं तर यांना उपाशी—
टेबलाशी आलेत. मी विचारलं, छातीत दुखतंय का अजून. हे म्हणाले, आता नाही दुखत. देतेस ना?