डोंगरावरचा पाऊस आणि लोणच्याचा दगड

सौ. ओतोमीस, गास्सान डोंगरावरच्या धर्मशाळेत भिजून बसलेल्या जिनरोकूचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. शिंका येतात, पण त्या खुशालीतल्याच.

खरं सांग, तुझं आणि आईचं पुन्हा वाजलं का? यात्रेकरू देवाच्या डोंगरावर असताना घरात भांडण झालं तर डोंगरावर वादळ होतं, म्हणून निघताना मी दोघींना हात जोडले होते. आम्ही चढलो गावाच्या भातासाठी पाऊस मागायला, आणि अर्ध्या वाटेवर तो असा कोसळला की माझी एक गवती चप्पल ओढ्याबरोबर गेली.

आमचे म्होरके गेनपाचीकाका सगळ्यांदेखत म्हणाले, "जिनरोकू, घरी पुन्हा लोणचं दाबायच्या पिंपावरच्या दगडावरून का रे?"

म्हटलं, "आई म्हणते जड ठेव, ही म्हणते हलका. मी काय करू?"

तरी एका चपलेने शिखर गाठलं. धो धो पावसात देवापुढे रीतीप्रमाणे टाळ्या वाजवून पाऊस मागितला. देव म्हणाला असेल, आणखी?

आपल्या खाचरात थेंब तरी पडला का? भेगा वाढल्या का गं? आईच्या गुडघ्याला शेक देतेस ना?

घरच्या भांडणाचा पाऊस डोंगरावर पडतो, तर डोंगरावरच्या भांडणाचा आपल्या शेतावर पडेल, असं गेनपाचीकाकांचं म्हणणं. म्हणून पुढच्या खेपेला तुम्हां दोघींनाच पाठवायचं ठरलंय. दगड मी वर आणून देईन. जड की हलका, ते तिथेच ठरवा.

तुझा, एका पायाने अनवाणी,
जिनरोकू