आधी गाडी, मग करवंटी

तांबिया, लंबासा
शनिवार, दुपार

माझे लाडके, आणि ऑकलंडला गेल्यापासून जरा जास्तच शहाणे झालेले जगरूप भावजी, यांना रामरती वहिनीचे पोटभर आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? जाऊबाईंचा खोकला गेला का? डोक्यावर चार केस उरले होते ते अजून आहेत, की तेही गाव सोडून गेले? माझं बरं चाललंय. रक्तात साखर थोडी वाढलीय म्हणे. आता साखर कारखान्याच्या धुरात चाळीस वर्षं काढल्यावर काय मीठ वाढणार होतं? डॉक्टर म्हणाला गोड खाऊ नका. मी हो म्हटलं आणि घरी येऊन खीर केली. (थोडीच केली. आणि निम्मी शेजारच्या पोन्नम्माला दिली.)

तर भावजी, गाडीचं सांगायला बसलेय. मागच्या फोनवर तुम्ही काय बोललात ते मी विसरलेले नाही. गाडी तुमच्या नावावर आहे, दादाला वापरायला दिली होती, दादा गेला, आता वहिनीने एवढी वर्षं चालवली ते पुष्कळ झालं. दिवाळीला येऊन बघणार, पुन्हा एक जरी पोचा दिसला तर गाडी भाच्याला, दीपनारायणला देऊन टाकणार. असंच म्हणालात ना? दीपनारायण गुणाचा आहे, माझं काही म्हणणं नाही. फक्त त्याला कधीही म्हणा, बाळा, जरा बाजारात सोड, तर तो म्हणतो, मामी, उद्या. त्याचा उद्या ऊसतोडणी संपली तरी उजाडत नाही. आणि दर शनिवारी मी, पोन्नम्मा आणि वरच्या टेकाडावरच्या दोघी विधवा, अशा चौघी आमच्या शेंगा, वांगी, मिरच्या घेऊन बाजारात जातो ते याच गाडीतून. गाडी गेली तर चौघी पुन्हा बसच्या थांब्यावर टोपल्या घेऊन उभ्या. तुमच्या भावाने मला पन्नासाव्या वर्षी उसाच्या रिकाम्या शेतात गाडी शिकवली ती काय त्यासाठी?

म्हणून, एक बैल गाडीच्या डाव्या बाजूला येऊन धडकला (बैल कुणाचा ते कळलं नाही, पळून गेला) तेव्हा मी रडत बसले नाही. सरळ इसिकेलीच्या गॅरेजात नेली. पत्रा ठोकणं, रंगवणं यात त्याचा हात धरणारा या बाजूला दुसरा नाही. पण हात चालला तर! सहा आठवडे लावले. मंगळवारी निरोप आला, काकी, गाडी तयार, घेऊन जा.

आता इसिकेलीची खोड तुम्हाला ठाऊक नसेल, तुम्ही गेलात तेव्हा तो लंगोटात होता. गाडी घ्यायला माणूस आला की तो आधी चटई पसरतो, यंगोनाची मुळं कुटून पाण्यात कालवलेलं मोठं लाकडी भांडं पुढ्यात ओढतो आणि करवंटी भरून हातात देतो. आणि आपल्याकडची रीत तर तुम्हाला माहीत आहे. की तीही ऑकलंडात विसरलात? त्याच्या चटईवर बसून, टाळी वाजवून, त्याची करवंटी एका घोटात रिकामी केली की त्याचं काम पसंत केलं असा अर्थ. मग तोंड वर करून तक्रार कोण करणार? लंबासातल्या निम्म्या गाड्यांची दारं वाकडी आहेत ती त्यामुळेच. मालकांनी आधी प्याली, मग बघितलं.

मी त्याच सकाळी नऊला गेले तर भांडं भरलेलं. बस काकी, म्हणाला, उन्हातून आलीस, आधी एक घे. मी म्हटलं, आधी गाडी. म्हणाला, गाडी कुठे पळतेय? मी म्हटलं, तुझं भांडं तरी कुठे पळतंय?

मग तुम्ही फोनवर तास तास ज्या फुशारक्या मारता (वीस वर्षं तिकडच्या गॅरेजात काढलीत ते एकदाचं कुणाच्या तरी उपयोगी पडलं!) त्यातलं जेवढं आठवलं तेवढं करायला लागले. गाडी छपराखाली होती. सावलीत काय, मीसुद्धा गोरी दिसते. म्हटलं, उन्हात काढ. काढली, तर दार एक निळं आणि मडगार्ड दुसरं निळं. इसिकेली म्हणतो, काकी, संध्याकाळी बघ, दोन्ही एकच दिसतात. म्हटलं, म्हणजे मी आता संध्याकाळीच बाजाराला जाऊ का? मग तुम्ही पाठवलेला फ्रिजवरचा तो पेंग्विन काढला, लोहचुंबकाचा. रुमालात गुंडाळून पत्र्यावर लावत गेले. पुढच्या दाराला चिकटला. मागच्या दाराला चिकटला. मडगार्डवर लावला तर घसरून मातीत. पुन्हा लावला, पुन्हा मातीत. म्हणजे पोचा ठोकून काढलाच नव्हता, वर बोटभर जाड लांबीचा लगदा थापून रंग मारलेला. इसिकेली डोकं खाजवत म्हणाला, काकी, पेंग्विन थंडीतला पक्षी, त्याला आपलं ऊन सोसत नाही. हसू आलं हो मला, पण दाबलं. मग काचेवर बादलीभर पाणी ओतलं तर दाराच्या फटीतून सीटवर तळं. आणि बॉनेटवर, रंगाच्या आत, कोंबडीचं एक अख्खं पीस! म्हटलं, हे काय रे? म्हणाला, ते फुकट दिलंय.

बारा वाजेपर्यंत मी उभी होते. पाय सुजले. त्याची बायको दोनदा चटई झटकून गेली. तो तीनदा करवंटी घेऊन आला, मी तीनदा हात मागे बांधले. शेवटी त्याने ती स्वतःच प्याली आणि म्हणाला, काकी, तुझ्यासारखी दोन गिऱ्हाइकं आली तर मी मासे धरायला जाईन. म्हटलं, जा, पण आधी मडगार्ड ठोक.

काल शुक्रवारी पुन्हा गेले. पुन्हा ऊन, पुन्हा पेंग्विन, पुन्हा बादली. पेंग्विन असा चिकटला की मला ओढून काढावा लागला. रंग एक, फटी सरळ, सीट कोरडी, पीस नाही. तेव्हा मग मी चटईवर बसले, टाळी वाजवली आणि एकापाठोपाठ तीन करवंट्या घेतल्या. जीभ इतकी बधिर झाली की चांगलं झालंय हे दोन शब्दसुद्धा फुटेनात. इसिकेली म्हणाला, ही गोष्ट मंगळवारीच झाली असती तर बरं होतं. नशा उतरेपर्यंत तिथेच बसले, कसाव्याचे उकडलेले कंद आणि मासळी खाल्ली, मग गाडी आणली.

तेव्हा भावजी, दिवाळीला खुशाल या. चष्मा लावून या, भिंग घेऊन या. एक ओरखडा सापडला तर किल्ली मीच दीपनारायणच्या हातात देईन, हा माझा शब्द.

तुमची,
रामरती वहिनी

ता. क. जाऊबाईंना चिंचेची चटणी पाठवतेय. तुम्ही खाऊ नका, तुमचं पोट मला माहीत आहे.

ता. क. (सोमवार) एक सांगायचं राहिलं. तो बैल नव्हता. आपल्या फाटकाचा डावा खांब होता. तुमच्याच भावाने रोवलेला, आणि रोवला तेव्हाच मी म्हटलं होतं, पुढे आलाय.

आणखी एक ता. क. आज सकाळी हेच पत्र टाकायला गाडी काढली. खांब अजून तिथेच आहे. डावं मडगार्ड मात्र होतं तसं नाही. म्हणून भावजी, दिवाळीला इतक्या लांबून येण्याची दगदग करू नका, गुडघा दुखेल. नाताळात या. तोवर दुरुस्त होईल. यंगोनाच्या मुळांची चांगली जाड जुडी भेट द्यायला बांधून ठेवलीय. उद्या इसिकेलीकडे जाणार आहे, आणि या खेपेला आधी चटईवर बसणार आहे.