विहिरीतल्या बाईची चाल

प्रिय प्रियदर्शिनी बाय,

जय भीम. माझी चाल पिक्चरमध्ये वापरायच्या परवानगीचा तू पाठवलेला कागद गुरुवारी मिळाला. त्यावर मी सही केलेली नाही. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्र संपेपर्यंत माझा धीर सुटायचा. फोनवर मला तुझ्याशी भांडता येत नाही. तू 'आबा' म्हटलंस की माझ्या तोंडून हो निघतं. म्हणून वही घेऊन बसलोय. सातवीपर्यंतच शिकलोय, चुका पोटात घाल.

तुझे पप्पा माझ्यावर चिडलेत. रविवारी पोलादपूरहून आले आणि तो कागद कोराच बघितला. म्हणाले, "बाबा, पोरीच्या म्युझिकचा पहिला पिक्चर हाय. जन्मात कधी कुणाला नाय म्हणाला नाहीत, आणि आता नातीलाच म्हणताय?" सुहासचं खोटं नाही. मी घाबरट माणूस. सावित्री नदीला पाणी चढतंय असं कोणी नुसतं बोललं तरी मी इथे दासगावात गाद्या माळ्यावर टाकतो. गॅस बंद केला का ते तीनदा बघतो. माझ्या एका सहीपायी तुझं काम जाईल का, या काळजीने गुरुवारपासून अन्न गोड लागत नाही. तरी सही करणार नाही.

चूक आधी माझीच झाली. मे महिन्यात तू ओट्यावर बसवून माझी बाजावरची, म्हणजे माउथ ऑर्गनवरची, चाल फोनवर भरून घेतलीस, आणि मग तुकडा तयार करून पाठवलास. कानात ती बोंडं घालून ऐकला. तू समजावून सांगितलंस, तारेवर काच घासल्यासारखी गिटार रडते ते ब्लूज, कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांनी आपल्या दुःखातून काढलेलं. आणि टापांसारखी पळणारी गिटार, मागे शीळ, ते काऊबॉय पिक्चरचं. भुताच्या पिक्चरमध्ये ही दोन्ही एकत्र आणायची आणि मधोमध आबाचा बाजा. मला रडू आलं गो. मी म्हणालो, वापर, खुशाल वापर. चित्र न बघता म्हणालो.

खरं तर मला हे कळायला हवं होतं. महाडच्या थिएटरात बावीस वर्षं मी डोअरकीपर होतो. काऊबॉयचे पिक्चर सकाळच्या खेळाला लागायचे, त्यांच्यापायीच तर मी बाजा विकत घेतला आणि ऐकून ऐकून शिकलो. पण डोअरकीपर पडद्याकडे बघत नाही. तो पब्लिककडे तोंड करून उभा असतो. भुताच्या पिक्चरला मी हजारो तोंडं बघितलीत. माणूस डोळ्यांनी घाबरत नाही, कानांनी घाबरतो. पडद्यावर एखादी म्हातारी नुसती पाणी भरत असेल आणि मागे तसं वाजवलंत, तर पुढच्या रांगेतला पैलवानसुद्धा शेजाऱ्याचा हात धरतो. म्युझिक म्हणजे बोट दाखवणं असतं. हिला घाबरा, असं ते सांगतं.

कागद यायच्या आधीच्या रविवारी सुहास आणि तुझी मम्मी आले होते, तेव्हा सुहासने लॅपटॉपवर तुझा पिक्चर लावला. ते चौघे मोटारसायकलवरून येतात. त्यांच्यावर तू टापा आणि शीळ टाकली आहेस. सुहासचा पाय ताल धरत होता, माझाही धरत होता. असे रुबाबात येतात की हिरोच वाटावेत. बाईला विहिरीत टाकतात, दोन मिनिटांत ते सगळं उरकतं. मग ती भूत होऊन वर येते, केस तोंडावर, आणि तिच्यावर माझा बाजा. तुझी मम्मी ओरडलीच, "आई गं! बंद करा ते!" मग हसत म्हणाली, "बाबा, तुमच्या बाजाने जीव घेतलान की माझा. बक्षीस मिळणार बघा तुम्हाला." सगळे माझं कौतुक करत होते. मी उठून बाहेर जाऊन बसलो.

तूच सांगितलंस ना, त्या लोकांनी आपलं दुःख गायलं म्हणून? मग तेच वाजवायचं आणि ज्याला दुःख झालं त्यालाच बघून लोकांनी किंचाळायचं, हे कुठलं? त्या बाईने काय केलंय? तुझा डायरेक्टर म्हणेल, गावाकडच्या म्हाताऱ्याला पिक्चरमधलं काय कळतं. त्याला म्हणावं, तू पडदा बघितलास, म्हाताऱ्याने बावीस वर्षं माणसं बघितलीत. त्या चौघांवरच्या टापा काढ. तुझी ती काच घासलेली तार त्यांच्यावर घास, त्यांनी गाडीला किक मारली की लोकांच्या अंगावर काटा यायला पाहिजे. ती वर येते तेव्हा काहीच वाजवू नको. आणि माझी चाल सुरुवातीला टाक, ती जिवंत असते आणि उतारावर गवत कापत असते, तिथे. दुसरीकडे कुठेही नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. ती चाल माझी नाही. माझ्या थोरल्या बहिणीची आहे, बनुबाईची. हे नाव तू ऐकलेलं नाहीस, तुझ्या पप्पांनीही नाही. पोलादपूरच्या वर डोंगरात आपली जुनी वाडी होती. बनू गवत कापताना ही चाल गुणगुणायची आणि मी मागून भारे बांधायचो. मी सतरा वर्षांचा, ती वीस. एका दुपारी मी भारा घेऊन आधी खाली निघालो, तर गावातल्या मोठ्या घरांतले चौघे वर चालले होते. तिसऱ्या दिवशी बनू विहिरीत सापडली. फौजदाराने मला विचारलं. ते चौघे तिथेच उभे होते. मी म्हणालो, नाय बघितलं. ते चौघे म्हातारे होऊन आपापल्या खाटेवर मेले, त्यांना कोणी एक दिवस घाबरलं नाही. लोक घाबरले ते बनूला. त्या विहिरीचं पाणी बंद झालं. पोर रडायला लागलं की बाया म्हणायच्या, "गप ऱ्हा, बनी येल." माझ्यासमोर म्हणायच्या, आणि मी ऐकून घ्यायचो. शेवटी वाडी सोडून महाडला आलो. गावाने तिचं जे केलं तेच तुझ्या हातून न कळत झालं. तुला दोष नाही, मी कधी सांगितलंच नाही. तेव्हा फौजदाराला भीतीने नाही म्हणालो होतो. आज भीती वाटतेच आहे, तरी नाही म्हणतोय. त्यांनी तुला काढलं तर काढू दे, इकडे निघून ये. बदल केलाच, तर शेवटी नावं येतात त्यात माझं घालू नको. 'चाल: बनुबाई, पोलादपूर' एवढं लिही. ते माझ्या डोळ्यांनी बघितलं की त्याच दिवशी सही करून कागद धाडतो.

तुझाच, या खेपेला तुझंही न ऐकणारा,
काशीराम आबा