टोपलीची कड

मुक्काम कल्याणी, कार्तिक वद्य पंचमी. दिवेलागण.

आज सकाळीही कड चुकली. कामट्यांची टोकं आत आली, भाकऱ्यांना टोचतील. ही कड आईलाच यायची, आणि तिला जाऊन महिना झाला.

हैदराबादहून नकाशे काढायला शिकून आले, तेव्हा तिच्यासमोर बसून प्रत्येक वेढा मोजून कागदावर घेतला होता. ती चिडवायची, "समोर कामून बसलीस गं, मास्तरीणबाई? मागं बस. आमी आमच्या आईच्या, अव्वाच्या खांद्यावरनं बघूनच शिकलाव." मागून नीट मोजता येत न्हाई, मी म्हणाले.

संध्याकाळी चुकून कागद उलटा, खालची बाजू वर करून धरला, आणि टोकं बाहेर गेली, कड जमली. म्हणजे मी सगळं समोरूनच पाहिलं. तिच्या बाजूनं एकदाही नाही.

आता सगळ्या कागदांवर 'उलटा धरावा' असं लिहिलं आहे. एवढं पुरेल?

मागं बसायला काय हरकत होती?