जिवंत माणसासमोर म्हटलेलं गाणं

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग काही उतरत नाही. गेलेल्या माणसाला असं बोलू नये म्हणतात. म्हणू देत.

देवळाली कॅम्पातली आपली शाळा, पंधरा ऑगस्टची तालीम. नळावर पाणी पिताना मी सिनेमातलं एक गाणं गुणगुणले, एसटीच्या कंडक्टरशी भांडणाऱ्या हिरोइनचं. तेव्हा गल्लीबोळात तेच वाजायचं. तुम्ही मला वर्गापुढे उभं केलंत. "एवढा गोड गळा, आणि त्यात हे शेण?" मग आमच्याकडून घोटून घेतलंत ते शेवटचा श्वास घेणाऱ्या जवानाचं गाणं. वर्गातल्या निम्म्या मुलींचे वडील फौजेत. कार्यक्रमाला सुट्टीवर आलेले, पुढच्या रांगेत बसलेले. चांगल्या धडधाकट माणसांना आम्ही त्यांच्याच मरणाची गाणी ऐकवतोय आणि तुम्ही पदरानं डोळे पुसताय! परत आलेल्यासाठी एक तरी गाणं शिकवलंत का हो?

यंदा आमचे हे फौजेतून रिटायर होऊन घरी आले. आले म्हणजे शरीरानं आले. मिठाची गुळणी धरल्यासारखे दिवसभर गॅलरीत बसून असायचे. यांचा पलटणीतला जोडीदार यांच्या डोळ्यांदेखत गेला, हेसुद्धा मला दुसऱ्यांकडून कळलं. इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीनं सत्कार ठेवला आणि गाण्याचा आग्रह मला झाला. मी तुमचंच म्हटलं, एक सूर इकडचा तिकडे न करता. दुसऱ्या कडव्याला यांनी खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि स्टेजवरून उतरून थेट पार्किंग गाठलं. लोक टाळ्या वाजवत राहिले. आता हा माणूस माझ्याशी कधी बोलायचा नाही, असंच वाटलं मला. आणि तिडीक आली ती तुमची.

पुढच्याच आठवड्यात दुपारी मेथी निवडत बसलेय, आणि तोंडात आपसूक ते एसटीचं गाणं. मागून आवाज येतो, "पुढचं कडवं येत नाही का गं तुला?" आणि हे स्वतःच म्हणायला लागतात, भसाड्या आवाजात. "तो गाडीत रोज म्हणायचा. बिहारचा गडी. माझ्या मोबाइलवर ऐकून पाठ केलेलं. मराठी ओ की ठो कळायचं नाही, पण सगळ्यात मोठ्यानं बोंबलायचा." हसले. मग ओट्याला टेकून ढसाढसा रडले, आणि त्याच्याविषयी बोलतच राहिले. गॅसवरची डाळ करपली तरी आम्ही दोघं हललो नाही. तुम्ही ज्याला शेण म्हणालात ना बाई, त्यानं माझा नवरा मला परत दिला. तुमच्या त्या पवित्र गाण्यानं तर त्याला स्टेजवरून हुसकावून लावलं होतं.

हे सगळं तुमच्या तोंडावर बोलायचं होतं. आता पत्र लिहून पाठवू कुठे? राहू दे इथेच.

अलीकडे संध्याकाळी हे म्हणतात, "म्हण ना ते." मी म्हणते. पण आधी उठून दार लावून घेते, बाई. केस पिकले तरी. तुम्ही ऐकाल म्हणून.